म्हशीची हजेरी

आमच्या गावात मी बारा-तेरा वर्षं चोर म्हणून प्रसिद्ध होतो. चोरी मात्र एकदाही केली नाही. त्याला लागणारं धाडस आमच्या घराण्यात कुणालाच नव्हतं, मग माझ्याकडं कुठून येणार?

खंडोबाच्या जत्रेत दुसऱ्या दिवशी गावच्या हौशी मंडळाचं नाटक व्हायचं. ते लिहायचे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गाव मास्तर म्हणायचं. नाटक दरवर्षी नवं असे, पण ते ऐतिहासिक असो, पौराणिक असो, की कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचं असो, दुसऱ्या अंकात एक पारधी चोर यायचाच. तो आला की माणसं हसायची, आणि हसली की तिसऱ्या अंकातला उपदेश सहन करायची. असं अण्णांचं नाट्यशास्त्र होतं.

तो चोर मी. घरात सगळ्यात काळा आणि सगळ्यात वाळका मीच असल्यामुळं पात्रनिवडीवर कधी वाद झाला नाही. तरी निसर्गानं केलेलं काम अपुरं पडेल, म्हणून आई तव्याची काजळी तेलात कालवून माझ्या अंगाला फासायची. कमरेला लंगोटी, हातात लाकडी सुरा, डोक्यात तितराचं पीस. आणि बोलायचं पारधी भाषेत. ती भाषा मीच तयार केली होती. ‘घुर्रे घे, चुर्रे घे, खाबुक्‌ लाबुक्‌’ असं काहीतरी डोळे गरागरा फिरवत म्हणायचं. पारध्यांशी मी आयुष्यात कधी दोन वाक्यं बोललो नव्हतो, त्यामुळं भाषा तयार करताना काही अडचण आली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर मी हजेरी घ्यायला होतो. तिथं सुटीच्या दिवशी मजुरांच्या करमणुकीसाठी आम्ही त्या वर्षीचं नाटक केलं. समोर हजारभर माणूस होता. खडी फोडून हाताला फोड आलेली माणसं माझं ‘घुर्रे घे’ ऐकून लोळली. एका कडेला पंधरा-वीस पारधी बसले होते, त्याच कामावरचे. ते हसले नाहीत. टक लावून बघत राहिले. मी घरी येऊन आईला सांगितलं, “पारधी तर थक्कच झाले, माझ्यावरची नजर काढली नाही त्यांनी.” आईनं माझी मीठमिरच्यांनी दृष्ट काढली.

तलाव झाला आणि त्यातलीच तीन-चार बिऱ्हाडं आमच्या गावाबाहेर गायरानाच्या कडेला पालं ठोकून राहिली. गावाला त्यांचा एक उपयोग लगेच कळला. कुणाच्या इंजिनाचा पट्टा गेला, खळ्यावरचं पोतं गेलं, की जमादार सायकलीवरून थेट पालावर. चोर सापडला नाही तरी पारधी सापडायचाच. शिवाय रोज दिवस मावळला की पालावरच्या बाप्यांनी पोलीसपाटलाच्या ओट्यावर येऊन हजेरी द्यायची. तसा कायदा कधीच रद्द झाला होता, पण आमच्या पोलीसपाटलाला ते कुणी कळवलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

पुढं सगळीकडं संस्था निघाल्या, तशी गावात दूध संस्था निघाली. मी बी.ए.ला दोनदा बसून दोनदा उठलो होतो आणि अक्षर चांगलं होतं, म्हणून सेक्रेटरी झालो. काम सोपं. सकाळी सहाला देवळामागच्या खोलीपुढं माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहायची. मी दुधात काचेची नळी सोडायची, ती किती बुडते ते बघून डिग्री लिहायची, लिटरच्या मापानं दूध मोजून क्यानात ओतायचं. क्यानं शीतकरण केंद्राच्या गाडीत चढवली की दिवस मोकळा. डिग्री तीसच्या आसपास लागली तर दूध चांगलं, खाली आली तर पाणी.

मग पुन्हा दुष्काळ पडला. विहिरींनी तळ दाखवला, बायका दीड-दीड कोसावरून घागर आणायला लागल्या. गावात पाणी नव्हतं, पण दुधात होतं. कुठून येत होतं कोण जाणे. आमच्या घरच्या दुधापुरतं मला माहीत होतं, कारण ते आई घालायची, अण्णांच्या देखत. मी चोवीस डिग्री बघायचो आणि एकोणतीस लिहायचो. मातृभक्ती. मग इतरांचंही एकोणतीस लिहावं लागायचं, कारण रांगेतल्या प्रत्येकाला आमच्या घरचं माहीत होतं. शीतकरण केंद्राची नळी मात्र कुणाच्या आईला ओळखत नव्हती. तिकडून पत्रावर पत्रं यायला लागली.

अशा दिवसांत पालावरच्या एका बाईला सरकारी योजनेतून म्हैस मिळाली. बाई चाळिशीची, नवरा नाही, पाठचा भाऊ जवळच्याच पालात. गाव तिला ‘ए पारधीण’ म्हणायचं. माझी बायको तेव्हा नवी नवरी होती, उमरग्याकडची. तिकडं परक्या बाईलाही अक्का म्हणतात, म्हणून ती तिला अक्का म्हणायची. पुढं मीही म्हणायला लागलो. इथंही तेच लिहितो. तेव्हा मात्र म्हणत नव्हतो, हे कबूल केलेलं बरं.

म्हैस झकास होती, शिंगं मागं वळलेली, कानात सरकारी पितळी बिल्ला. योजनेची अट एकच. म्हशीचं दूध संस्थेला गेलं पाहिजे आणि बाई संस्थेची सभासद झाली पाहिजे. महिन्याभरानं विस्तार अधिकारी तपासणीला येणार. तोवर सभासद झाली नाही तर म्हैस सोडून न्यायची आणि दुसऱ्या लाभार्थ्याला द्यायची. अक्कानं अर्ज आणला. अर्जावर सही होती, अंगठा नव्हता. कमिटीला पहिला धक्का तिथंच बसला.

कमिटीची बैठक मला जशीच्या तशी आठवते, कारण तिचा वृत्तांत मीच लिहिला होता. चेअरमन म्हणजे गावातले मोठे बागायतदार. मनानं वाईट नव्हते, पण मनाला फारसं कामाला लावायचे नाहीत.

“म्हैस कुणाची म्हणायची ही?” चेअरमन म्हणाले.

“तिचीच. सरकारनं दिली,” मी म्हणालो.

“कशावरून?”

“कानात बिल्ला आहे, नंबर आहे.”

चेअरमन बराच वेळ पान चघळत राहिले. मग म्हणाले, “बिल्ला तरी कशावरून चोरीचा न्हाय?”

एका मेंबरानं, म्हैस ठेवून नुसता बिल्ला चोरणारा माणूस कसा असेल अशी शंका काढली, तेव्हा चेअरमन म्हणाले, “पारध्याचं डोकं हाय ते. आपल्याला समजत असतं तर आपन पारधी न्हवतो का झालो?” ठराव झाला: सदर म्हैस चोरीची नसल्याचा पोलीसपाटलाचा दाखला अर्जदारानं आणावा. ठराव मी लिहिला. ‘सदर’ शब्द मी स्वतः घातला.

पोलीसपाटील म्हणाले, म्हशीचा दाखला मला देता येत नाही, चौकीवरून आणा. चौकीवर जमादार म्हणाला, म्हैस बघितल्याशिवाय दाखला कसा देऊ? तेव्हा अक्का म्हैस घेऊन चौकीवर गेली. चार कोस. जमादारानं म्हैस आवारातल्या खांबाला बांधून घेतली, दिवसभर बसवून ठेवली आणि संध्याकाळी म्हणाला, “उद्या या.” पारध्याचं कुणीही चौकीवर आलं की त्याला बसवून ठेवायचं आणि उद्या या म्हणायचं, एवढीच रीत त्याला ठाऊक होती. ती त्यानं म्हशीलाही लावली. अक्का आणि म्हैस दोघी असं तीन दिवस करत होत्या. दाखला मिळाला नाही. म्हशीचं दूध निम्म्यावर आलं.

हे मला बायकोनं भाकरी वाढताना सांगितलं.

“अहो, म्हशीची हजेरी घेत्यात व्हय कुणी?”

“नियम आहे,” मी म्हणालो.

“कुणी केला?”

मी कालवण मागितलं.

जत्रेच्या आदल्या सकाळी अक्का संस्थेच्या दारात आली. मला वाटलं, रडेल, पाया पडेल. मी तोंड गंभीर करून ठेवलं. ती म्हणाली, “सेक्रेटरीसायब, आमच्या पालावर नाटक हाय. परवा दुपारी, लिंबाखाली. या तुमी.”

“नाटक? तुमचं?”

“व्हय. बसवलंय आमीच.”

“दुपारी कशाला? नाटक रात्री असतं.”

“रातीचं चार पारधी गोळा झालं की काय व्हतंय, तुमाला ठाव न्हाय का?” ती म्हणाली. “उजेडात असलं म्हंजी जमादारालाबी बघता येतंय.” जाता जाता वळून म्हणाली, “तुमचंबी काम हाय त्यात.”

मी आनंदलो. वाटलं, एवढ्या वर्षांच्या कलेची कदर झाली, मला पाहुणा नट म्हणून बोलावतायत. घरी जाऊन लाकडी सुरा पुसून ठेवला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गावात कुणालाच काम नसतं. त्यामुळं लिंबाखाली निम्मं गाव लोटलं. चेअरमनसाठी कुणीतरी खुर्ची आणली होती, जमादार बंदोबस्ताला होताच, अण्णा छत्री उघडून बसले. बायको बायकांत. मी पुढं गेलो तर अक्काच्या भावानं हात धरून मला पहिल्या ओळीत बसवलं. “बसा, तुमचं काम म्या करतोय,” तो म्हणाला.

त्याचा चेहरा पांढराशुभ्र होता. सगळ्यांचेच होते. नाल्यातली पांढरी माती कालवून त्यांनी कपाळापासून मानेपर्यंत थापली होती; आमच्यासारखं गोरं दिसायला. आता आमच्या गावात गोरा माणूस एक, तोही अंगावर कोड असलेला. पण पालावरून आम्ही तसे दिसत असणार. ती माती उन्हानं तडकायची, आणि बोलताना गालाचे पोपडे खाली पडायचे.

पडदा नव्हता. लिंबाला म्हैस बांधलेली होती. खरीच म्हैस, स्वतःच्या भूमिकेत. अक्का पांढऱ्या तोंडानं, मोठा फेटा बांधून, पोटाशी उशी घेऊन खुर्चीवर बसली. म्हणजे ती चेअरमन. एक म्हातारा पारधी जमादार झाला होता, सायकलीऐवजी दोन पायांत काठी घेऊन. आणि अक्काचा भाऊ काखेत वही, कानावर पेन, नाक जरा वर करून चालत आला. मी असा चालतो हे मला त्या दिवशी कळलं. बायकांमधून पहिलं हसू फुटलं ते माझ्या बायकोचं. मी ते ओळखलं.

जमादारानं वही मागितली, म्हशीपुढं उभा राहिला. “हजेरी!”

म्हशीनं कान हलवला.

“नाव सांग.”

म्हशीनं शेण टाकलं. गाव लोळलं.

“उलट बोलती! चोरीचीच हाय,” जमादार म्हणाला. “बिल्ला?”

“बिल्ला हाय सायेब,” सेक्रेटरी म्हणाला, “पर सदर बिल्लाबी सदर चोरीचा असंल.” माझा ‘सदर’ बैठकीच्या खोलीतून पालावर कसा पोचला, देव जाणे. नंतर कळलं, तो बायकोमार्फत पोचला होता.

मग सेक्रेटरी रडत चेअरमनकडं गेला. “चेअरमन, घात झाला! शीतकरणवाल्यांचं पत्र आलं. आपल्या दुधात पानी हाय!”

“कुणी घातलं?” चेअरमन झालेली अक्का गरजली.

“पारध्यानं!”

“पर आपन पारध्याचं दूध घेतच न्हाय की.”

सेक्रेटरीनं डोकं खाजवलं. “मग आपल्या दुधात त्यानं चोरून घातलं.”

“चोरून घातलं? आरं, चोर घिऊन जातोय का ठिवून जातोय?”

“पारध्याचं डोकं हाय ते, चेअरमन. आपल्याला समजत असतं तर आपन पारधी न्हवतो का झालो?”

“आन्‌ पानी कुठलं घातलं? विहिरीत तर ठिपका न्हाय.”

“त्येच तर म्हनतो. पानीबी चोरीचंच असनार.”

मी चोरून खऱ्या चेअरमनांकडं बघितलं. ते पोट धरून हसत होते. मला काहीच कळेना.

खेळ पुढं सरकला. जमादार म्हणाला, गुन्हा झाला, आता संध्याकाळपर्यंत पारधी पाहिजे. सेक्रेटरीनं इकडं तिकडं शोधलं. सगळेच पांढऱ्या तोंडाचे, पारधी कुठंच नाही. “मंग मीच व्हतो,” तो म्हणाला. त्यानं सदरा काढला, चुलीवरचा तवा आणला आणि पांढऱ्या तोंडावर काजळी फासली. डोक्यात पीस खोवलं. डोळे गरागरा फिरवले. आणि म्हणाला, “घुर्रे घे! चुर्रे घे! खाबुक्‌ लाबुक्‌!”

गाव हसलंच. बारा-तेरा वर्षांची सवय. पण तो थांबला नाही. पालाशी बघत बसलेल्या दोन पारधिणींपुढं जाऊन तेच पुन्हा पुन्हा म्हणू लागला. त्यातल्या एकीनं दुसरीला विचारलं, “काय म्हनतोय गं?”

“मला न्हाय बाई समजत.”

“आगं, पारधी बोली बोलतोय म्हनं.”

“व्हय? मंग कुठल्या पारध्याची? लांबचा असंल.”

दुसरीनं त्याच्या तोंडाजवळ कान नेला, नीट ऐकलं आणि काळजीनं म्हणाली, “पोटात दुकतंय वाटतं त्येच्या.”

जमादारानं त्याला पकडलं, म्हशीशेजारी बांधलं. तो ओरडायला लागला, “आवो, मी सेक्रेटरी हाय! मास्तराचा पोरगा हाय! म्या काय बी केलं न्हाय!”

“समदे आसंच म्हनत्यात,” जमादार म्हणाला. “उद्या या.”

मग जमादारानं पालाकडं तोंड करून विचारलं, “ह्यो तुमचा का?” पारधी एका सुरात म्हणाले, “आमचा न्हाय.” त्यानं आमच्याकडं वळून विचारलं, “मंग तुमचा का?” फेट्यातली अक्का म्हणाली, “आमच्यात आसं कोन बोलतं का?” म्हातारा प्रेक्षकांपर्यंत चालत आला, काठीवरून पाय काढून माझ्यापुढं उभा राहिला. त्याच्या तोंडावरची माती फुटली होती आणि भेगांतून त्याचा स्वतःचा रंग दिसत होता. तो आता जमादाराच्या आवाजात बोलत नव्हता. “सांगा की मालक. आमी लई सालं बगतोय ह्येला. कुनाचा हाय ह्यो मानूस?”

मी काय सांगणार? मांडी घालून बसलेला माणूस जितका लपू शकतो तितका लपलो. म्हैस रवंथ करत होती.

तेव्हा बायकांतून आवाज आला, “माजा हाय ओ त्यो! सोडा त्येला.”

बायको उभी होती, पदर तोंडाशी, खांदे हसण्यानं हलत होते. मग जे हसू उठलं ते जत्रेत कुठल्याच नाटकाला कधी उठलं नव्हतं. अण्णा हसले नाहीत. छत्री मिटून मला म्हणाले, “संवाद चांगले आहेत. पण उपदेश कुठाय?”

संध्याकाळी आमच्या नाटकाची वेळ आली. काजळीला तवा मागितला तर बायको म्हणाली, “तवा भाकरीचा हाय.” आईकडं बघितलं, तर आईनंही मान फिरवली. मी तसाच, बिनाकाजळीचा, रंगमंचावर गेलो. फरक कुणाच्या लक्षात आला नाही, एवढं दुःख मला पुरे होतं. पण मी ‘घुर्रे घे’ म्हटल्याबरोबर मागून कुणीतरी ओरडलं, “कुनाचा रं त्यो?” आणि अख्खं मैदान एकदम म्हणालं, “मास्तरच्या सुनंचा!” मी ते वाक्य पुरं न करताच आत आलो. पुढच्या वर्षी अण्णांनी चोराच्या जागी विनोदी न्हावी लिहिला. तो करायला मी नकार दिला. त्यांना वाटलं, भूमिका लहान म्हणून.

आता वाचणाऱ्याला वाटेल, दुसऱ्या दिवशी गावाचे डोळे उघडले आणि अक्काला वाजतगाजत सभासद करून घेतलं. तसं काही झालं नाही. चेअरमन सकाळी भेटले ते खुशीतच. म्हणाले, “काय नाटक केलं हो त्या पारधिणीनं! शेजारच्या गावच्या चेअरमनची अगदी हुबेहूब नक्कल. पोट बी तसंच. चांगली जिरवली त्याची.”

“आणि अर्ज, चेअरमन?”

“दाखला आला का?”

“नाही.”

“मग येऊ द्या की.”

विस्तार अधिकारी यायला सहा दिवस उरले होते. मी काही बोललो नाही. मी शूर झालो असं लिहायचा मोह होतो, पण घरातली माणसं हे वाचतात.

जे केलं ते बायकोनं. आमचं दूध ती संस्थेत घालायला यायची. जत्रेनंतर दोन दिवसांनी ती आली ती अक्काला सोबत घेऊनच, दोघींच्या हातात किटली. रांगेत वीसेक माणसं. तिचा नंबर आला तेव्हा म्हणाली, “अहो, अक्काच्या दुधाला नुसती नळी लावून बगा की. घ्या का नका घेऊ, ते मागनं.”

नळी लावायला मनाई करणारा ठराव नव्हता. मी मनातल्या मनात वही चाळून बघितली. नळी सोडली. ती दुधात वरच राहिली, बुडायला तयारच नाही.

“किती?” मागून कुणीतरी विचारलं.

“एकतीस,” मी म्हणालो. असा आकडा मी त्या वर्षी पहिल्यांदाच खरा उच्चारला.

“आता आपलं लावा,” बायको म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं नजर चुकवली नाही. नळी सोडली. ती अशी गपकन खाली गेली, जशी विहिरीत घागर. “चोवीस,” मी म्हणालो. रांगेत कुणी हसलं नाही. सगळ्यांनी आपापल्या किटल्यांची झाकणं घट्ट केली. दोघंतिघं तर काहीतरी आठवल्यासारखं करून घरी परतले.

त्याच दुपारी शीतकरण केंद्राचं शेवटचं पत्र आलं: पुढच्या आठवड्यात संकलनाची डिग्री सुधारली नाही तर गाडी बंद. चेअरमननी तातडीची बैठक घेतली. पाणी घालणं बंद करावं, ही सूचना कुणाच्याच मनात आली नाही. किंवा आली असेल, पण तिला अनुमोदक मिळाला नसता. मी एवढंच म्हणालो, “एकतीस डिग्रीचं दूध गावात एकाच घरी आहे.”

चेअरमनांचा पान चघळायचा वेग हळूहळू कमी होत थांबला. “म्हंजी तिचं दूध क्यानात पडलं तर...”

“सगळ्यांची डिग्री थोडी वर येईल.”

“आणि म्हैस? चोरीची?”

“बिल्ला आहे,” एक मेंबर म्हणाला.

“बिल्ला हायच की!” चेअरमन म्हणाले. “सरकारी बिल्ला हाय. मी पहिल्यापासून म्हणतोय.” ठराव एकमतानं मंजूर झाला. वृत्तांतात मी लिहिलं, ‘मागासलेल्या समाजाच्या उन्नतीस हातभार लावण्याच्या उदात्त हेतूने’. चेअरमननी ते दोनदा वाचून घेतलं.

ठराव सांगायला मी पालावर गेलो. नाटकाची दुपार सोडली तर पहिल्यांदाच. अक्का म्हशीला कडबा टाकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “म्हंजी माज्या म्हशीच्या दुधात तुमी तुमचं पानी खपवनार?”

मी खोटं बोलू शकलो असतो. सवय होती. “होय,” म्हणालो.

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “अधिकारी म्हैस न्हेत न्हाय ना मंग?”

“नाही.”

“मंग घाला,” ती म्हणाली.

विस्तार अधिकारी आले, बिल्ल्याचा नंबर लिहून घेतला, सभासदांच्या यादीतलं नाव बघितलं, गुळाचा चहा पिऊन गेले. म्हैस जागेवर राहिली. दुसऱ्या दिवसापासून अक्का रांगेत. तिच्या पुढं चेअरमनांचा गडी, मागं आमचं कुटुंब.

आमच्याकडं माप घालायची एक पद्धत होती. धारेचं ताजं दूध ओतलं की वर चार बोटं फेस येतो. फेसासकट माप भरलं की भरलं धरायचं. दूध घालणाऱ्याचा तेवढाच फायदा. कुणीच काही म्हणत नसे, कारण सगळ्यांचंच फेसासकट भरायचं. चेअरमनांच्या गड्याचं मी तसंच भरलं. मग अक्काची किटली घेतली, माप भरलं, फेस काठाबाहेर आला. मी ते क्यानात ओतायला उचललं, तर तिनं मापावर हात ठेवला.

“फेस बसू द्या.”

“अहो अक्का, सगळ्यांचं असंच असतं,” मी म्हणालो. अक्का म्हणायची ती माझी पहिलीच खेप. माझ्या लक्षात आली, तिच्या आली की नाही माहीत नाही.

“त्येंचं आसू द्या. उंद्या काय कमी पडलं तर पयलं माज्याकडंच येत्याल.”

मी माप ओट्यावर ठेवलं. रांग खोळंबली, मागून कुणीतरी, “काय लावलंय सकाळच्या पारी,” म्हणून पुटपुटलं. अक्कानं मागं बघितलं नाही. फेसाचे बुडबुडे एकेक करून फुटत होते, अगदी सावकाश, आणि दुधाची कड मापाच्या आत दोन बोटं खाली दिसायला लागली. तिनं किटली तिरपी करून तेवढं दूध आणखी घातलं. पुन्हा फेस आला. पुन्हा आम्ही दोघं थांबलो.